ठकीची पिल्लं

ठकीला तीन पाय होते. मागचा डावा पाय मांडीपासून काढलेला. चालताना ती दर पावलाला एका अंगाला झुकायची. पळताना मात्र उरलेला मागचा पाय पोटाखाली मधोमध घ्यायची आणि चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी सुटायची, की नव्या माणसाला तिचं व्यंग कळायचंही नाही. अंग तांबूस, छातीवर पांढरा पट्टा आणि एका कानाला कात्रीने घेतलेली छोटी खाच. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला अशी खाच दिसली की समजायचं, याची नसबंदी झाली आहे आणि त्याला रेबीजची लसही टोचलेली आहे.

गाडीखाली सापडल्यावर कुणीतरी तिला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात पोहोचवलं होतं. पाटीवर बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचं नाव असलं, तरी परळ-लालबागमध्ये आजही सगळे बैलघोडाच म्हणतात. सर दिनशा माणेकजी पेटिट या पारशी गिरणीमालकाच्या देणगीतून १८८० च्या दशकात ते सुरू झालं. तेव्हा मुंबईच्या ट्रामसुद्धा घोडे ओढत होते. पुढे १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं. पारशी मंडळींची कुत्र्यांवरची माया तर त्याहून जुनी. १८३२ मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली, तेव्हा फोर्टात पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. माझे वडील गिरणीत होते. गिरणीमालकाच्या पैशाचं काहीतरी आमच्या गिरणगावात अजून उभं आहे आणि मुक्या जिवांच्या उपयोगी पडतं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नसबंदी आणि लस झाली की रस्त्यावरचं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, असा नियम आहे. केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांत तो होता, २०२३ च्या नव्या नियमांतही आहे, आणि तो योग्यच आहे. आपल्या गल्लीत कुत्र्याला खायला घालणारी माणसं असतात, झोपायच्या जागा ठरलेल्या असतात. पण तीन पायांची कुत्री परळच्या रहदारीत सोडायची कशी? मी ज्या छोट्या संस्थेसाठी काम करते, तिने विचारलं, टाके सुकेपर्यंत ठेवशील का? मी हो म्हटलं आणि ठकीला उचलून घरी आणलं.

आई मालवणची. दारातच तिने विचारलं, "दहा बाय बाराच्या खोलयेत ह्या कुत्र्याक खंय ठेवतलंस?" जागेचा प्रश्न खरा होता, पण तिच्या मनात भीती दुसरीच होती. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी कुत्रं चावलं होतं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस. सुई टोचताना मामा कसा ओरडायचा, ते आईने आम्हाला अनेकदा सांगितलं होतं. ती लस आता इतिहासजमा झाली. हल्ली दंडावर थोडीच इंजेक्शनं घेतात आणि वेळेवर घेतली तर माणूस वाचतो. मी आईला ठकीचं लसीचं कार्ड दाखवलं. तिने ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि देव्हाऱ्याखालच्या खणात, रेशनकार्डाशेजारी ठेवून दिलं. ठकी मोरीच्या शेजारी गोणपाटावर झोपू लागली.

टाके सुकले, केस आले, पण ठकीला न्यायला कुणी आलं नाही. दत्तक देण्याच्या शिबिरात लोक यायचे, तिच्याकडे बघून हळहळायचे, डोक्यावरून हात फिरवायचे आणि शेजारच्या टोपलीतलं पिल्लू घेऊन जायचे. पिल्लांमध्येही काळी आणि मादी शेवटपर्यंत राहतात, हे या कामातल्या कुणालाही विचारा. वयात आलेली, पाय नसलेली मादी म्हणजे तर रांगेत सगळ्यात मागे. मग आम्ही तिला शिबिराला नेणंच थांबवलं. ती आमची झाली.

तिच्या हातून पुढे जे काम झालं, त्याची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती.

लालबागच्या एका गल्लीत व्यायलेली कुत्री टेंपोखाली गेली. तिची चार पिल्लं माझ्याकडे आली. डोळेही उघडले नव्हते. म्हणजे दोन आठवड्यांचीही नव्हती. एवढ्या लहान पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही, आणि आपली आपण शी-शूसुद्धा करता येत नाही. आई पोट चाटते तेव्हा ती होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसत बसावं लागतं. गाईचं दूध पाजलं तर जुलाब लागतात, म्हणून पिल्लांसाठीचं दुधाचं पीठ आणायचं, कालवून बाटलीने पाजायचं, आणि रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी. गरम पाण्याची पिशवी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मी खोक्यात ठेवली. ठकी लांबून बघत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे बाटली भरायला उठले, तर पिशवी बाहेर पडलेली आणि ठकी खोक्यात. चारही पिल्लं तिच्या पोटाशी लागलेली आणि ती एकेकाला उलटं करून चाटत होती. तिची नसबंदी झालेली, अंगावर दुधाचा थेंब नाही, तरी तिने कापसाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. बाटली तेवढी माझ्याकडे राहिली.

तेव्हापासून आमच्या खोलीत पिल्लं येत-जात राहिली. गिरगावच्या वाडीतली, दादरच्या फुलबाजारामागची, परळच्या बांधकामांवरची. सगळी तिनेच वाढवली.

माणसाच्या हाताला जोरात चावू नये, हे पिल्लाला माणूस शिकवू शकत नाही, निदान ठकीइतकं नीट तर नाहीच. दात लागले की ती एकदाच गुरकावायची, उठून कॉटखाली जायची. खेळ बंद. पिल्लू बाहेर कुंईकुंई करत बसायचं. थोड्या दिवसांत त्याचा जबडा सैल पडायचा. वर्तमानपत्रावर शू करणं, लाकडी जिन्यावरून उतरणं, जेवणाऱ्या माणसापासून दूर बसणं हे सगळं ती करायची आणि पिल्लं बघून करायची. जिन्याला ती स्वतः फार जपून उतरायची, पुढचे दोन पाय टेकून मग मागचा. तिच्याकडून शिकलेली कित्येक पिल्लं चार धड पाय असूनही जिना तसाच उतरायची.

प्राण्यांच्या कामातल्या लोकांना मी हे आवर्जून सांगते, की चाळ पिल्लांना चांगली. तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लू जे पाहतं-ऐकतं, त्याची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. आमच्या गॅलरीत कुकरच्या शिट्ट्या, शाळेतून सुटलेली पोरं, भांडी घासणाऱ्या बायका, काठी टेकत येणारे आजोबा, उन्हाळ्यात मसाल्याच्या गल्लीतून येणारा मिरच्यांचा ठसका, सगळं त्या दोन महिन्यांत होऊन जातं. बंद फ्लॅटमध्ये वाढलेलं पिल्लू पाहुणा आला तरी सोफ्याखाली शिरतं. आमची पिल्लं अनोळखी माणसाच्या पिशवीत तोंड घालायची.

गणपतीचे दिवस मात्र वेगळे. परळच्या कारखान्यांतून मोठ्या मूर्ती निघायला लागल्या की ढोल-ताशा, फटाके, रात्रभर गर्दी. ठकी त्या दिवसांत कॉटखालून हलायची नाही. तिला फटाक्यांची भीती होती, पण पिल्लं जवळ असली की ती थरथरत नसे, हे मी स्वतः पाहिलं आहे. आई बाहेरचा दरवाजा लावून रेडिओ मोठा करायची आणि कॉटखाली हात घालून तिला दहीभात भरवायची.

एका हिवाळ्यात पार्व्हो आला. तीन काळी पिल्लं आणली होती, आणली तेव्हाच आजार अंगात होता. पहिल्या दिवशी खाणं सोडलं, दुसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण. त्या रक्ताचा वास ज्याने एकदा घेतला, तो कधी विसरत नाही. सलाईनसाठी रोजच्या खेपा सुरू झाल्या. त्यांतलं एक वाचलं. ठकीला लस दिलेली होती म्हणून तिला काही झालं नाही. मेलेल्या दोघांना गुंडाळलेलं फडकं ती दिवसभर हुंगत राहिली.

पिल्लांना आमच्यासारखी तात्पुरती घरं का हवीत, याचं खरं कारण हा आजार आहे. प्राण्यांच्या कोणत्याही रुग्णालयात किंवा आश्रयस्थानात आजारी जनावरं येणारच, त्यासाठीच ती जागा असते. पार्व्होचा विषाणू फरशीवर, चपलेच्या तळव्यावर कित्येक महिने जिवंत राहतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. त्याला ब्लीचचं पाणी लागतं. पिल्लाची लस सहाव्या-आठव्या आठवड्यात सुरू होते, पुढचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. तोवर पिल्लाला अशी जागा हवी, जिथे दुसरी आजारी कुत्री नाहीत. एवढंच. मोठं घर नको, बाग नको. त्या हिवाळ्यानंतर आम्ही खोली ब्लीचने धुतली, खोकं आणि फडकी जाळली, आणि बरेच महिने फक्त लस झालेली मोठी कुत्रीच ठेवली.

लोक मला म्हणतात, "आम्हाला नाही जमणार, जीव लागतो." जीव लागतोच. लागायलाच हवा, नाहीतर रात्री दोनला बाटली कोण भरेल? पण ज्याच्यावर जीव लागला त्याला चांगल्या घरी देऊन टाकणं हाच या कामाचा गाभा आहे. एक पिल्लू गेलं की कोपरा रिकामा होतो आणि तो दुसऱ्याला मिळतो. प्रत्येकाला ठेवत गेले असते, तर दुसऱ्या खेपेलाच माझं घर बंद झालं असतं. म्हणून देताना मी कठोर होते. घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, खिडकीला जाळी आहे का, गावी गेल्यावर कोण बघेल, नसबंदी करणार का, सगळं विचारते. "सोसायटी परवानगी देत नाही" म्हणणाऱ्यांना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवते. घरात कुत्रं पाळण्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत ठराव झाला तरी, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे.

पिल्लू जायचं त्या दिवशी ठकी जिन्यापर्यंत यायची. न्यायला आलेल्या माणसाचे हात हुंगायची, पिल्लाचे कान एकदा चाटायची आणि माघारी फिरायची. ती रडली नाही कधी. आई मात्र दरवेळी रडायची, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारायची, "आता कोण येतला?"

ठकी म्हातारी झाली तेव्हा उरलेल्या मागच्या पायावर सगळा भार येऊन तो सांधा दुखायला लागला. जिना तिला झेपेना, म्हणून शेजारचा मुलगा तिला उचलून खाली न्यायचा. शेवटी मूत्रपिंडं निकामी झाली. सलाईनवर असतानाही कॉटखाली एक पिल्लू होतं आणि ते तिच्या मानेवर डोकं ठेवून झोपायचं. एका दुपारी, आई तांदूळ निवडत असताना, तिच्या पायाशी ठकी गेली. तिचं लसीचं कार्ड अजून त्याच खणात आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं पावसाळा सरल्यावर, मुख्यतः थंडीत जन्माला येतात. त्या महिन्यांत मुंबईतल्या सगळ्याच संस्थांना घरं कमी पडतात. परळ, लालबाग, दादर, गिरगाव कुठेही राहत असाल, घरात एक कोरडा कोपरा असेल, घरी दुसरं आजारी कुत्रं नसेल आणि दीड-दोन महिने कुणीतरी घरी असणार असेल, तर जवळच्या प्राणिसंस्थेला फोन करून तसं सांगा. लस, औषधं आणि डॉक्टर संस्था बघेल ना, ते आधी विचारून घ्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलल्याशिवाय पिल्लू आणू नका.