पाय टेकण्याचा गुण

आमच्या सांगलीच्या घरीं, सोप्याच्या एका कोपऱ्यांत, एक जुनी बुलेट मोटारसायकल उभी असते. संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, अशा साठी उलटलेल्या मास्तरानें सकाळचें आन्हिक आटोपून हातांत पाना घ्यावा, याचें येणाऱ्याजाणाऱ्यांस नवल वाटतें. "देवांच्या उपकरणांपेक्षां ही गाडीच अधिक लखलखते," असें आमच्या घरांतून नेहमीं ऐकूं येतें, आणि तें अगदींच खोटें नाहीं.

गाडी १९६८ सालची. माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असूं, त्यांनीं ती १९७८ सालीं जुनीच विकत घेतली. दादा जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. तो सुटीस येतो तेव्हां गाडी त्याची. एरवीं तिची सेवा माझ्याकडे. दादा होते तेव्हांच, त्यांच्या संमतीनें, त्यानें तिला खरबरीत टायर व उंच उचललेला सायलेन्सर बसवून 'ट्रायल'च्या गाडीचें रूप दिलें होतें.

हें रूप तिच्या कुळाला शोभणारेंच आहे. रॉयल एन्फील्ड कंपनीची नवी बुलेट इंग्लंडांत १९४८ सालीं प्रथम लोकांपुढें आली ती ट्रायलच्या मैदानांतच. मागचें चाक सांगाड्याला घट्ट जखडलेलें असेल तरच चिखलांत पकड मिळते, असा तेव्हां जाणत्यांचा समज होता. या गाडीचें मागचें चाक मात्र स्प्रिंगच्या आधारानें वरखालीं झुलत असे. पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. पण त्याच वर्षीं इटलींतील सान रेमो येथें झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय कसोटींत ब्रिटनच्या विजयी संघांत बुलेट गाड्या होत्या. पुढें जॉनी ब्रिटन यानें १९५२ व १९५७ या दोन वर्षीं स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल एन्फील्डवर जिंकली. आपल्याकडे या गाड्या १९५५ पासून मद्रासेजवळ तयार होऊं लागल्या.

ट्रायल ही वेगाची शर्यत नव्हे. ओढ्यांतले गोटे, चिखल, झाडांचीं मुळें, निसरडे चढ यांतून आंखून दिलेला थोडासा मार्ग असतो. त्यांतून पाय जमिनीस न लावतां, अगदीं सावकाश, तोल सांभाळून गाडी न्यावयाची. एकदां पाय टेकला तर एक गुण, दोनदां टेकला तर दोन, त्याहून अधिक वेळां टेकला तर तीन; आणि पडलां किंवा खुणांबाहेर गेलां तर पांच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो पहिला! जन्मभर गुण देत आलेल्या मला ही उफराटी रीत ऐकून हसूं आलें होतें. पुतण्या म्हणाला, "काका, पाय टेकायची लाज धरली कीं माणूस पडतो." आणखी एक गोष्ट त्यानें सांगितली. गाडी घालण्यापूर्वीं स्वार तो मार्ग पायीं हिंडून सर्व बाजूंनीं पाहून घेतात. मी त्याला तत्काळ 'परीक्षा' शब्दाची फोड ऐकविली : परि म्हणजे सभोंवार, आणि ईक्ष् म्हणजे पाहणें. ही फोड मीं पस्तीस वर्षें मुलांकडून पाठ करून घेतली आहे.

गाडी चालू करणें हा एक विधीच आहे. पेट्रोलची तोटी उघडून किल्ली फिरवावी. किक हळूहळू खालीं नेत, दाब लागून अमीटरचा कांटा मध्यावर येई तोंवर जावें. तेथें डिकॉम्प्रेसरची दांडी ओढून दट्ट्या किंचित् पुढें सरकवावा. मग दांडी सोडावी, किक वर येऊं द्यावी, आणि एकच भरदार लाथ मारावी. घाई केली तर किक उलट येऊन पोटरीवर बसते. निगाही तितकीच सोंवळ्याची. इंजिन थंड असतां पुशरॉड बोटांनीं फिरला पाहिजे, पण वरखालीं हलतां कामा नये. ठिणगीच्या पॉइंटांमधील फट सुमारें पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले पंधरा!

गेल्या गणेशोत्सवांत सारें घर जमलें होतें. पुतण्यानें गाडी दंडोबाच्या डोंगराकडे नेऊन दगडगोट्यांतून हिंडवून आणली. दुसऱ्या दिवशीं मी ती चालू करूं गेलों, तों ती हूं कीं चूं करीना. दहा लाथा मारल्या. गुडघा दुखूं लागला, तसा माझा राग चढला. सर्वांदेखत मीं त्याला म्हटलें, "दादांची वस्तु म्हणून मी हिला जपतों, आणि तूं ती गोट्यांत आपटतोस! पुन्हां हिला हात लावूं नकोस." तो इतकेंच म्हणाला, "बरें, काका." दुसऱ्या दिवशीं पहांटे तो पुण्यास निघून गेला. वहिनींनीं चकार शब्द काढला नाहीं. नेहमींप्रमाणें मला वाढलें. त्याचेंच मला अधिक लागलें.

चौथ्या दिवशीं गल्लींतले वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं पॉइंटांवरचें झांकण काढलें आणि विचारलें, "मास्तर, हा स्क्रू कुणी आवळायचा ठेवला?" फट पार मिटली होती. उत्सवापूर्वीं आठच दिवस मीं स्वतःच ती लावली होती! फट मोजली, परंतु स्क्रू आवळण्याचें राहून गेलें; दगडांतल्या हादऱ्यांनीं तो सरकला. किक मारतांना कांटा मध्यावर येतच नव्हता. एक वेळ जरी तिकडे पाहिलें असतें तरी दोष कळला असता. पण मीं कांट्याकडे पाहिलें नाहीं, मुलाच्या तोंडाकडेहि पाहिलें नाहीं.

मिस्त्रींना पैसे देऊन मी गप्प राहिलों. आतां कशाला बोलावें, तो विसरला असेल, असें मनाला समजावीत नवरात्र आलें. दसऱ्याला गाडीची पूजा करून झेंडूचा हार घालतांना वहिनी हलकेच म्हणाल्या, "भावोजी, यंदा हार घालायला तो नाहीं." दरवर्षीं हार तोच घालीत असे. मला त्याचे ते गुण आठवले. पाय टेकला तर एकच जातो. मी महिनाभर न टेकतां पांच घालवीत होतों, आणि तेहि दादांच्या मुलापाशीं!

संध्याकाळीं मीं फोन केला. "अरे, स्क्रू माझ्याच हातून ढिला राहिला होता. तुला उगाच बोललों. चुकलें माझें." क्षणभर पलीकडे कांहींच ऐकूं येईना. मग तो म्हणाला, "काका, दिवाळीला येतों. तोंवर पॉइंटांना हात लावूं नका!" आणि मोठ्यानें हसला. साठ वर्षें उलटल्यावर धाकट्याकडून असा दम खातांना इतका आनंद होईल असें वाटलें नव्हतें.

दिवाळींत तो आला. माझा गुडघा आतां किक मारूं देत नाहीं. म्हणून किल्ली मीं त्याच्याच हातीं दिली. त्यानें झांकण काढलें, फट लावली, स्क्रू आवळला, आणि पायरीवर बसलेल्या मला हांक मारली, "काका, जरा पाहतां का?" मी चष्मा लावून उठलों, आणि या खेपेस चारी बाजूंनीं नीट पाहिलें.