आज सामानाजवळ हे थांबले!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी माझ्यासारख्या आहेत, सांगा बरं! गॅलरीच्या कठड्याशी उभं राहिलं की पोटात खड्डा पडतो, पंखा पुसायला स्टुलावर चढलं की तळपायांना घाम फुटतो. आणि सहलीला गेलं की गडाच्या पायथ्याशी आपलं वाक्य ठरलेलं, "तुम्ही सगळे या जाऊन, मी सामानाजवळ थांबते." वर्षानुवर्षं मी अशीच थांबले. मग एकदा लेक सहज म्हणून गेली, "आईला विचारू नका, ती खालीच थांबते." तो टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

यंदाच्या हिवाळ्यात मी कामशेतला पॅराग्लायडिंग करायचं ठरवलं. तुम्ही म्हणाल, कठड्याशी उभं राहवत नाही आणि ही निघाली आकाशात! घरचेही तेच म्हणाले.

कामशेत आपल्या मावळातलंच. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनं जावं. मुंबईकरणींनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरावी. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात उड्डाणं बंद.

आता हे प्रकरण असतं तरी काय? इंजिन नाही, पेट्रोल नाही. हलक्या, मजबूत कापडाचा एक लांबलचक पंख. अभ्रे शेजारी शेजारी शिवावेत तसे त्याला कप्पे. समोरचा वारा कप्प्यांत शिरला की पंख टम्म फुगतो. त्याला बारीक दोऱ्या आणि दोऱ्यांखाली पट्ट्यांच्या बैठकीत आपण. नवख्या माणसाच्या पाठीशी अनुभवी पायलट बांधलेला असतो. गंमत म्हणजे याचा उगम काटकसरीत आहे! १९७८ साली फ्रान्समधल्या मियूसी गावी पॅराशूटवाल्यांनी विमानाचा खर्च वाचवायला डोंगरउतारावरूनच धावत झेप घेतली.

डोंगरावर पोचल्यावर लगेच उडता येत नाही. वारा समोरून, उतारावरून वर येणारा हवा आणि फार जोराचाही नको. आम्ही तास-दीड तास वाट पाहिली. तेवढ्या वेळात घरी परतायची शंभर कारणं मला सुचली. अहो, गॅस बंद केलाय ना, इथपर्यंत!

पायलट मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काकू, भीती वाटली तर वाटू द्या. फक्त पळता पळता मध्येच खाली बसू नका." एवढंच. इतकी वर्षं सगळे मला "घाबरू नकोस" सांगत आले, आणि ते काही मला जमलं नाही. पळणं मात्र जमण्यासारखं होतं.

पळाले. पाच पावलं, सहा पावलं... सातवं जमिनीला लागलंच नाही!

आणि नवल बघा, गॅलरीत होतं तसं वर झालं नाही. गॅलरीत आपल्या पायांपासून रस्त्यापर्यंत भिंत सरळ उतरलेली असते, नजर तिच्यावरून खाली घसरते. वर अशी भिंतच नसते. खाली पवनेचं पाणी, शेतांचे चौकोन, सगळं रांगोळीसारखं मांडलेलं. भीती गेली का? छे! वळण घेताना पट्टा असा आवळला की बोटं दुखली. पण भीती होती आणि मी बघतही होते. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

खाली टेकले तेव्हा माझी पर्स, डबा आणि पाण्याची बाटली सांभाळत हे उभे होते. म्हणाले, "बराच वेळ लागला गं!" म्हटलं, "सामानाजवळ थांबलं की तसंच वाटतं."

तुम्हाला जायचं असेल तर थोडं ध्यानात ठेवा. साडी नको, सलवार-कमीज किंवा पँट आणि घट्ट बूट घाला. ओढणी घरी ठेवा, वेणी घाला, मंगळसूत्र आत घ्या, चष्म्याला दोरी लावा. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंब भरलेलंही नको. पायलटचा अनुभव किती, हेल्मेट आहे का, जादा पॅराशूट आहे का, हे न लाजता विचारा. वजन खरं सांगा! हृदयविकार, रक्तदाब, पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवस गेले असतील तर नकोच. आणि पायलट "आज वारा ठीक नाही" म्हणाला तर हट्ट न करता परत या.

वर जाऊन नको वाटलं, तर खुशाल "नको" म्हणा. पण ते "नको" त्या दिवशीचं, विचार करून म्हटलेलं असू द्या. नुसत्या सवयीचं नको.