मोरावळ्याची बशी आणि बिनदुधाचा चहा

चहाबरोबर मोरावळा खाऊन बघा! पोळीला लावून नाही, पित्तावर औषध म्हणून तर नाहीच. बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या वाफाळत्या चहाबरोबर, चमच्याचमच्याने! मला हे नुकतंच कळलंय आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय.

रशियात अनेक घरांत असाच चहा पितात. उन्हाळा तिथे चार दिवसांचा. तेवढ्यात मिळतील ती स्ट्रॉबेरी, चेरी, रासबेरी साखरेच्या पाकात शिजवून बरण्या भरायच्या आणि बर्फाचे महिने त्यावर गोड करायचे. या पाकातल्या फळांना म्हणतात 'वारेन्ये'. ते छोट्या बशीत वाढतात. चमचाभर फळ तोंडात, त्यावर कडक चहाचा घोट. आंबट, गोड, तुरट, सगळं एकदम!

चहाची रीतही किती समजूतदार! छोट्या किटलीत नुसता दाट अर्क करायचा. तो कपात थोडासा ओतून वर समोवारमधलं, म्हणजे पाणी उकळायच्या तोटीच्या भांड्यातलं, कढत पाणी घालायचं. एकाच किटलीतून आजोबांना कडक, नातीला फिका. आणि या चहात आपलाही वाटा आहे बरं! सोव्हिएत काळात तिथे पिवळ्या पाकिटावर हत्तीचं चित्र असलेला भारतीय चहा घरोघरी लाडका होता.

हे कळल्यावर घरी बसवतंय कुठे? थेट मंडई गाठली. १८८६ पासून पुण्याला भाजी-फळं पुरवणाऱ्या त्या अष्टकोनी मनोऱ्याच्या आसपास महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा नुसता घमघमाट! "जाम करायचाय ना? मग ही मऊ घ्या, स्वस्तात देते," मावशी म्हणाल्या. "नाही हो मावशी, लहान आणि घट्ट द्या. फळ अख्खं राहायला हवं!"

सगळी गंमत त्या अख्ख्या फळात आहे. फळाइतकीच साखर पसरून रात्रभर ठेवली. सकाळी पातेल्यात लालभडक रस, पाण्याचा थेंब न घालता! मग पाच मिनिटं उकळायचं, मळी काढायची, पूर्ण गार होऊ द्यायचं. पुन्हा उकळायचं, पुन्हा गार. घाई नाही, ढवळाढवळ नाही. फळातलं पाणी हळूहळू बाहेर येतं, साखर हळूहळू आत जाते, म्हणून फळाचा लगदा होत नाही.

आणि आवळे टोचून पाकात मुरवणारी आपली आजी दुसरं काय करत होती? साखरांब्यातली कैरीची फोड अख्खी राहावी म्हणून तिचा जीव किती खालीवर व्हायचा! म्हणजे अर्धा रशियन चहा आपल्या फडताळात आयताच तयार आहे. फक्त भुकटीऐवजी अख्ख्या पानांचा चहा आणा, दूध बाजूला ठेवा आणि बरणी उघडा. स्ट्रॉबेरी संपली तरी हळहळू नका, मंडईत कैऱ्या येतीलच. मी तर आत्ताच बरण्या धुऊन ठेवल्यात!