चौकटीतली माणसं

लग्नात मुलीला बोहल्यापर्यंत आणायचं काम मामाचं. हल्ली त्याआधी तिला किल्ल्यापर्यंत न्यायचंही मामाकडेच आलंय. भाचीचं लग्न ठरलं, हॉल ठरला, आणि एका रात्री तिचा फोन आला. "मामा, वसईचा किल्ला तुझ्या पायाखालचा आहे ना? फोटोंसाठी जागा दाखव. फक्त फ्रेममध्ये आमच्याशिवाय कुणी नको."

वसईच का, हे मला विचारावं लागलं नाही. रायगड-राजगडावर शालू सावरत कोण चढणार? वसईला चढच नाही. खाडीच्या मुखाशी सपाट जमिनीवर पसरलेला हा किल्ला. स्टेशनवरून बसने थेट तटाच्या आत उतरता येतं. आत गेलं की कमानीमागून कमानी. छपरं कधीच कोसळली, त्यामुळे प्रार्थनामंदिरांच्या आत आता सरळ आकाश उतरतं. खोबणीदार खांबांवर सकाळची तिरपी उन्हं पडली की दगड मधाच्या रंगाचा होतो. तुळशीचं लग्न लागायच्या सुमारास यावं. पावसाचं शेवाळ भिंतींवरून अजून पुरतं गेलेलं नसतं, गवत पिवळं पडायचं असतं, आणि हवा धुतलेली असते. वैशाखातला मुहूर्त धरून इथे फोटो काढायला येणाऱ्यांची मला दया येते. मेकअप आणि मिजास, दोन्ही नऊच्या आत वितळतात.

सिनेमावाल्यांना ही जागा फार आधीपासून ठाऊक. 2016 साली कोल्डप्लेच्या एका गाण्यातून ती जगभर दिसली. त्यामुळे भाचीच्या फोटोग्राफरने मोबाइलवर दाखवलेली चित्रं मला ओळखीची वाटली. रिकामी कमान, रिकामं अंगण, मधोमध दोघं. त्यांच्याभोवती सोडलेला गुलाबी धूर.

आम्ही कामाच्या वारी, भल्या सकाळी गेलो. तरी किल्ला रिकामा नव्हताच. किल्लाबंदराच्या बाजूने कोळणी पाट्या घेऊन निघाल्या होत्या. वाऱ्यावर सुकत्या बोंबलांचा वास होता. कॉलेजातली मुलं मांडी घालून कमानींची रेखाटनं करत बसली होती, आणि एका पडक्या भिंतीवर शेळी चढली होती ती उतरायला तयार नव्हती. फोटोग्राफर मात्र शांत. "काका, टेन्शन नको. एडिटमध्ये सगळे काढून टाकू." माणूस पुसायला आता बोट फिरवण्याइतका वेळ लागतो.

मला ते खटकलं, आणि का खटकलं ते तिथेच फिरताना उमगत गेलं. किल्ला म्हणायचं, पण तटाच्या आत होतं ते अख्खं शहर. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली, आणि पुढची दोनशे वर्षं इथे त्यांची घरं होती, मठ होते, प्रार्थनामंदिरं होती. म्हणजे या कमानींखाली लग्नं लागतच होती. संत गोन्सालो गार्सिया इथलाच. बाप पोर्तुगीज, आई इथली. 1597 मध्ये जपानात नागासाकीला त्याला क्रूसावर मारलं, 1862 साली संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. त्याच्या आईबापांचा संसार याच मुलखात उभा राहिला, पण त्यांच्या लग्नाचा कुठला आलाय फोटो!

मग मे 1739. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती सोपी नव्हती. सुरुंग, खंदक, तटाला पडलेली खिंडारं; हजारो मराठे पडले. तहाप्रमाणे पोर्तुगीजांना हत्यारं, बायकामुलं, चीजवस्तू घेऊन जाऊ दिलं, आणि थोड्या दिवसांत ते इथून निघून गेले. घंटासुद्धा राहिल्या नाहीत. विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी त्या नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात गोदाकाठी टांगलेली घंटा त्यांतलीच. रिकाम्या वसईचं चित्र कुणाला मिळालंच असेल तर ते त्या दिवसांत. लग्नाच्या अल्बमात ते कोण लावणार?

हे मी भाचीला एवढं सगळं सांगितलं नाही. लग्नघरात इतिहास थोडाच पुरतो. पण फ्रान्सिस्कनांच्या मंदिरात तिने भाड्याचा पांढरा गाऊन जमिनीवर पसरला, आणि फोटोग्राफरने दोघांना तिथे आडवं व्हायला सांगितलं, तेव्हा मात्र मी आवाज चढवला. तिथली फरसबंदी साधी नाही. ती थडग्यांवरची शिळा आहे. अक्षरं कोरलेली आहेत. गर्सन डा कुन्हा नावाच्या गोव्याच्या डॉक्टरने चौल आणि वसईवर 1876 साली पुस्तक लिहिलं, त्यात असे लेख उतरवून घेतलेत. नवरा मुलगा चपळ निघाला. चटकन बाजूला झाला आणि बूट काढून हातात घेतले. मुलगा मला तिथे पसंत पडला.

दुर्गप्रेमी मंडळी अशा फोटोंवर चिडतात, काही ठिकाणी तर जोडप्यांना हुसकावतात. त्यांचा राग मला अर्धाच पटतो. जिथे लग्नं लागली तिथे नवरानवरी उभी राहिली तर दगडांचं काय बिघडतं? बिघडतं ते धुराच्या डागांनी, पोशाख बदलायला कोनाड्यात ठोकलेल्या खिळ्यांनी, बदामात कोरलेल्या नावांनी. संरक्षित वास्तूची नासधूस केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. हे त्या बदामवाल्यांना कुणीतरी लग्नाआधीच सांगायला हवं.

शेवटी सगळ्यात चांगला फोटो आला तो बंदराकडच्या दरवाजापाशी. दोघं कमानीत उभी, आणि मागून पाटी घेतलेली एक म्हातारी कोळीण आली. थांबली नाही. जाता जाता नवरीकडे बघून म्हणाली, "गो पोरी, जेवलीस का सकाळपासून?" भाचीला हसू फुटलं. फोटोग्राफरला ती बाई पुसायची होती. भाचीनेच नाही म्हटलं.

तुमच्या घरात लग्न असेल आणि वसईला जाणार असाल, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी, हातात लेखी घ्या. धुराच्या नळकांड्या आणि ड्रोन घरी ठेवा. चालताना पायाखाली बघा. आणि बंदराकडून कुणी येत असेल तर त्यांना "जरा थांबा हं" म्हणू नका. त्यांना मासळी बाजार उघडायच्या आत पोचायचं असतं.