मर्सिडीज झोपायच्या आधी

जर्मनीत गाड्यांनाही सुट्टी असते आणि ती चक्क नंबर प्लेटवर छापलेली असते. खोटं वाटत असेल तर सिंडेलफिंगेनच्या गल्ल्यांतून शनिवारी दुपारी एक चक्कर मारा. एखाद्या जुन्या, चकाचक गाडीच्या प्लेटच्या उजव्या टोकाला एकावर एक दोन बारीक आकडे दिसतील. वर ०४, खाली १०. म्हणजे ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढंच चालणार. ३१ ऑक्टोबर संपला की ती रस्त्यावर आणायची नाही, रस्त्याच्या कडेला उभीसुद्धा करायची नाही. त्या बदल्यात टॅक्स आणि इन्शुरन्स तेवढ्याच महिन्यांचा. १९९७ पासून ही सोय आहे आणि हौशी मंडळी तिचा पुरेपूर फायदा घेतात.

कारण एकच. मीठ! रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून इथे हिवाळाभर मीठ टाकतात, तेही मिठाच्याच पाण्यात भिजवून, म्हणजे ते रस्त्याला नीट चिकटतं. समुद्राकाठच्या सोसायटीत गाडी लावणाऱ्या मुंबईकरांना खारी हवा पत्र्याचं काय करते हे वेगळं सांगायला नको. इथे समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण खारं पाणी खालून येतं. चाकांनी उडवलेलं, थेट गाडीच्या पोटात.

सिंडेलफिंगेन हे स्टुटगार्टच्या नैऋत्येला, लोकलने पाऊण तासाच्या आतलं गाव. टूरिस्ट इथे फारसे फिरकत नाहीत. ते स्टुटगार्टचं मर्सिडीज म्युझियम बघतात आणि ब्लॅक फॉरेस्टकडे पळतात. त्यांचं नुकसान. जुन्या गावात लाकडी चौकटींची वाकडी-तिकडी घरं आहेत आणि बाजारचौकाजवळ झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे चक्क इटलीतल्या करारा संगमरवराचे आहेत. रंगवलेले नाहीत, दगडाचे! १९७०च्या दशकात कारखान्याच्या टॅक्समधून पालिकेकडे एवढा पैसा आला, की तो त्यांनी रस्त्यात अंथरला. कारखाना अर्थातच मर्सिडीजचा, १९१५ पासूनचा. पुणेकरांनी इथे जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही. जी डब्ल्यू-१२४ मॉडेलची मर्सिडीज इथे बनायची, तीच १९९५ मध्ये आपल्या पिंपरीत जोडली जाऊ लागली. भारतातली मर्सिडीजची ती सुरुवात.

माझे घरमालक याच कारखान्यातून रिटायर झालेले. वय ७९. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणतो, तोंडावर ‘हेर’ लावून आडनावाने. तीन वर्षं एका घरात राहूनही ते मला अहो-जाहोच करतात, मीही त्यांना. जिना झाडायची पाळी या आठवड्यात कोणाची, याची पाटी दारावर लटकवणारा हा प्रदेश आहे. इथे शिस्त आधी, सलगी नंतर. त्यांच्याकडे १९९३ची डब्ल्यू-१२४ आहे, अल्मांडिन लाल. डाळिंबाचा दाणा उन्हात धरला की आत जो काळसर लाल दिसतो ना, तसा रंग. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी दार वाजवलं. उन्हाळ्यात खांद्याचं ऑपरेशन झालेलं, उजवा हात वर जात नाही. “शनिवारी तुम्हाला वेळ आहे का? पाच तास लागतील.” पाच! इथे वेळ सांगतात तो अंदाज नसतो.

आधी धुणं. अंगणात पाइप लावून गाडी धुवायची, हे जर्मनीत बहुतेक गावांत चालत नाही. तेल आणि साबणाचं पाणी जमिनीत मुरता कामा नये. त्यामुळे गावाबाहेरच्या वॉश बॉक्समध्ये जायचं, नाणी टाकायची आणि प्रेशरचा पाइप हातात घ्यायचा. तिथे फेसाचा लांब दांड्याचा ब्रशही असतो. आजोबा त्याच्याकडे आपण उघड्या गटाराकडे बघतो तसं बघतात. आधीच्या माणसाने त्याच ब्रशने चिखलाची जीप घासली असेल, तर तीच वाळू आता आपल्या बॉनेटवर. त्यांची पद्धत दोन बादल्यांची: एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. लोकरीचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक दार पुसायचं, साध्या पाण्यात खळखळून काढायचा, मग पुन्हा शॅम्पू. छतापासून सुरुवात, चाकं शेवटी. रिमवर त्यांनी एक फवारा मारला आणि दोन मिनिटांत जांभळे ओघळ वाहायला लागले. ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड विरघळत होती. वास सडक्या अंड्याचा.

या मॉडेलला पुढे एकच वायपर आहे. मधोमध बसवलेला, काचेच्या कोपऱ्याशी आला की स्वतःच लांब होणारा. त्याच्या मुळाशी, जाळीखाली, मूठभर ओली पानं सापडली. “हीच,” आजोबा म्हणाले, “मिठानंतरची दुसरी शत्रू.” पानं पाण्याची वाट अडवतात, पाणी साचतं आणि पत्रा आतून सडतो.

धुऊन झाल्यावर घरी न येता आम्ही वीस किलोमीटर भटकलो. दारांच्या खालच्या पोकळीतलं पाणी निथळावं, ब्रेक सुकावेत म्हणून. बोब्लिंगेनला जुन्या विमानतळावर २००९ पासून जुन्या गाड्यांचं एक संकुल आहे, मोटरवर्ल्ड. ज्यांना घरी गॅरेज नाही ते तिथे काचेची खोली भाड्याने घेतात आणि त्यांची गाडी येणारे-जाणारे बघत बसतात. आत जायला तिकीट नाही. मला ते फारच आवडतं. आजोबांना नाही. त्यांच्या मते ते गाड्यांचं प्राणिसंग्रहालय आहे.

गॅरेजमध्ये आल्यावर खरं काम सुरू झालं. धुतलेली गाडी स्वच्छ असते असं तुम्हाला वाटत असेल, तर हात एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि बॉनेटवरून फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागतं, ते पिशवीतून सँडपेपरसारखं खरखरतं. डांबराचे थेंब, झाडाचा चीक, कारखान्याची धूळ. हे काढायला क्ले, म्हणजे भिजवलेल्या कणकेसारखा गोळा. भरपूर ओलं करून हलक्या हाताने फिरवायचा. गोळा खाली पडला की सरळ कचऱ्यात, कारण त्याला चिकटलेला एक खडा सगळ्या रंगावर रेघोट्या ओढतो.

आणि मग पॉलिश. इथे आजोबांशी माझं थोडं वाजलं, कारण बॉनेटवर उन्हात कोळिष्टकासारखे ओरखडे दिसत होते आणि मला ते घालवायचे होते. त्यांनी एक छोटं यंत्र बॉनेटला लावलं. आकडा आला ११८ मायक्रॉन. पत्र्यावरच्या सगळ्या थरांची मिळून एवढीच जाडी! आपल्या डोक्याच्या दोन केसांपेक्षा कमी. पॉलिश म्हणजे चमक ‘लावणं’ नव्हे, वरचा पारदर्शक थर किंचित खरवडून सपाट करणं. तो परत येत नाही. म्हणून ते तीन वर्षांतून एकदाच पॉलिश करतात आणि मेण मात्र दर वर्षी लावतात. आपल्याकडे प्रत्येक सर्व्हिसिंगला ‘सर, रबिंग-पॉलिश करून देऊ?’ विचारणारे आणि मान डोलावणारे आपण, दोघेही गाडीचं आयुष्य फडक्याने पुसून टाकत असतो. या वर्षी पॉलिश नाही, असा निकाल लागला. ओरखडे राहिले.

मेणाआधी त्यांनी टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा काढला. दारांच्या खालच्या प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या १९८९ नंतरच्या डब्ल्यू-१२४ची ओळख आहेत. त्या काळचे डिझाइनप्रमुख ब्रूनो साको यांच्या नावावरून इथे त्यांना ‘साकोच्या फळ्या’ म्हणतात. साको २०२४ मध्ये गेले. फळ्या दिसतात देखण्या, पण त्यांच्या मागे चिखल बसतो आणि गंज बाहेरून दिसतच नाही. जॅक लावायच्या जागेवर प्लास्टिकचं झाकण असतं. डाव्या मागच्या चाकाजवळचं झाकण आजोबांनी काढलं, आत बोट फिरवलं आणि बाहेर काढलं. बोट चॉकलेटी.

ते काही बोलले नाहीत. मग पुढे झुकून हळूच म्हणाले, “भोक असेल तर मी ही विकणार. मुलीला शब्द दिलाय.”

एप्रिलमध्ये गाडीची दर दोन वर्षांची तपासणी होती. जॅकची जागा म्हणजे गाडीचा भार पेलणारा पत्रा. तिथे गंजाने भोक पडलं असेल तर पास करत नाहीत, वेल्डिंग करावंच लागतं. मुलीचं म्हणणं होतं, की या वयात या गाडीवर आता मोठा खर्च नको. चुकीचं होतं असंही नाही. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. “माझा हात जोर देणार नाही. तुम्ही टोचा. जोरात.”

मी टोचलं. पोपडा सुटला, गंजाचा भुगा मनगटावर पडला. पुन्हा टोचलं. टक् असा आवाज आला. बाजूला, मग खाली. तिथेही टक्. टोक आत गेलं नाही.

आजोबांनी स्टूल ओढलं आणि बसले. मी नेलेला दिवाळीच्या फराळाचा डबा तासभर तसाच पडून होता. तो त्यांनी उघडला आणि चिवडा खायला लागले.

पुढचा अर्धा तास तारेचा ब्रश, गंज काळा करून थांबवणारं रसायन, ते वाळायची वाट, आणि वरून घट्ट मेणाचं ग्रीस. तोवर साडेचार वाजले होते. मेण लावायला पत्रा फार गार चालत नाही आणि बाहेर बारा डिग्री होतं. त्याच रात्री घड्याळं एक तास मागे जाणार होती, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी साडेपाचनंतर अंधार. मेण कार्नौबाचं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. इतकं पातळ लावायचं की लावलंय का अशी शंका यावी. धुरकट झालं की पुसायचं. एका वेळी एकच दार. पुसताना मी त्यांना खंडेनवमीचं सांगितलं: सकाळी गाडी धुवायची, बॉनेटवर हळद-कुंकवाने स्वस्तिक काढायचं, झेंडूचा हार घालायचा. त्यांचा पहिला प्रश्न: “हळद रंगात मुरते का?” दुसरा: “हाराला तार असते का?” दोन्हींची उत्तरं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. पण थोड्या वेळाने विचारलं, की हार आरशाला अडकवला तर चालतो का. चालतो की!

शेवटी दारांच्या रबरांवर हरणाच्या चरबीची कांडी फिरवली, म्हणजे थंडीत रबर चिकटून फाटत नाही. टायरमध्ये तीन बार हवा, हँडब्रेक सैल, चाकाखाली लाकडी ठोकळे, बॅटरीला चार्जर, वरून सुती आच्छादन. प्लॅस्टिकचं आच्छादन नको, आत घाम धरतो.

गंजाच्या जागेचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी मागून घेतला. मार्चमध्ये तिथेच दुसरा काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे, असं त्यांचं नियोजन. माझा प्रोजेक्ट फेब्रुवारीअखेर संपणार होता, हे त्यांना माहीत होतं. मी फोटो पाठवला. रात्री त्यांचं उत्तर आलं: चिवड्याच्या डब्याचा फोटो, तळाशी दोन-चार शेंगदाणे उरलेले.