परत आणलेला डबा

प्रवासाला निघताना आपल्या सामानात खाऊचा डबा असतोच. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही काश्मीर-लडाखला निघालो तेव्हा मी दोन डबे भरले. एक आमच्यासाठी आणि दुसरा, बेसनाच्या लाडवांचा, द्रासच्या जवानांसाठी.

सोनमर्ग सोडलं की झोजी-लाची चढण लागते. उंची साडेअकरा हजार फुटांच्या आसपास. एकीकडे बर्फाच्या भिंती, दुसरीकडे खोल दरी. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. पुढे लष्कराच्या गाड्या मात्र शांतपणे चालल्या होत्या. त्यांचा तो रोजचाच रस्ता!

द्रासचं युद्धस्मारक हमरस्त्यालगतच आहे. गुलाबी दगडाचं बांधकाम, उंच तिरंगा आणि मागे तोलोलिंगचा उघडाबोडका डोंगर. १९९९ च्या जूनमध्ये आपल्या जवानांनी वरून गोळ्या येत असताना तो चढून परत मिळवला. भिंतीवरची नावं वाचता वाचता आमची मुलंसुद्धा गप्प झाली.

आमचं मराठी ऐकून तिथला एक जवान पुढे आला. आपल्या साताऱ्याकडचाच निघाला! मी लगेच डबा उघडला. तो हसून म्हणाला, "ताई, ड्यूटीवर असं काही घेता येत नाही. राग मानू नका." माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाला, "मागं पोराला रात्री ताप चढला होता. शेजारच्या काकूंनी दवाखान्यात नेलं, रात्रभर घरच्यांजवळ बसल्या. मला ते दोन दिवसांनी कळलं. इथं असलं तरी निम्मा जीव घरीच असतो बघा."

खरं सांगू? मला एकदम आमच्या गल्लीतलं कोपऱ्यावरचं घर आठवलं. तिचा नवराही फौजेत. आदल्या पावसाळ्यात रात्री बाराला ती सासूबाईंना घेऊन रिक्षा शोधत होती. मी खिडकीतून पाहिलं, आणि पाऊस आत येतोय म्हणून खिडकी लावून घेतली. सकाळी मात्र, "अगं, हाक नाही का मारायचीस?" असं विचारायला मोकळी!

घरी आल्यावर शाळेची घाई होती, तरी ताजे लाडू वळले आणि तोच डबा घेऊन तिच्याकडे गेले. आता सिलिंडर यायचा असला की ती किल्ली आमच्याकडे ठेवते. शाळेतल्या पालकसभेला दोघी मिळून जातो. तो कुठे आहे, कधी येणार, हे मात्र मी खोदून विचारत नाही. तुम्हीही विचारू नका. ते तिला सांगता येत नाही आणि विचारलं की जीव कासावीस होतो.

७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. निधीला पैसे जरूर द्या, ते माजी सैनिकांच्या आणि शहिदांच्या कुटुंबांसाठीच असतात. पण त्याआधी आपल्या गल्लीत असं एखादं घर आहे का, तेवढं बघा.

आणि हो, तो डबा चार दिवसांनी परत आला. भाजणीनं भरलेला!