चर्चच्या आवारातली शाळा

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरून निर्मळ-आगाशीकडे जाणारी बस धरली की सुरुवातीला खिडकीतून इमारतीच इमारती दिसत राहतात. मग रस्ता अरुंद होतो. दोन्ही अंगांना केळीच्या आणि नारळीच्या वाड्या लागतात, एखादं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, लागतं, सोनचाफ्याची झाडं दिसतात, मांडवावर चढलेली पानवेल दिसते, आणि अजूनही कुठे कुठे अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेलं लाल लुगडं. या हिरवाईच्या डोक्यावरून चर्चचा मनोरा दिसला की त्याच्या शेजारी शाळा असणार, हे वसईच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. चर्च, मागे दफनभूमी, पुढे मैदान आणि मैदानाच्या कडेला शाळा, अशी आमच्या कितीतरी धर्मग्रामांची मांडणी आहे. बाप्तिस्मा, अक्षरओळख, लग्न आणि शेवटची माती, सगळं एकाच कुंपणाच्या आत.

मी याच पट्ट्यातल्या अशा एका शाळेत शिकले आणि पुढे तिथेच मराठी शिकवलं. तेव्हा त्रयस्थपणे लिहिणं मला जमणार नाही, आणि तसं लिहायची इच्छाही नाही.

आमच्या शाळेची सकाळ शाळा भरण्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायची. पहाटेच्या लोकलने भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या दादरला निघून जायच्या आणि त्या टोपल्यांबरोबर वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया. मुली आपल्या वेण्या आपणच घालून, धाकट्या भावाला हाताशी धरून यायच्या. पावसाळ्यात पायांना वाडीचा चिखल असायचा, व्हरांड्यात चपलांची रांग, कोपऱ्यात निथळणाऱ्या छत्र्या, आणि वर्गात ओल्या दप्तरांचा वास. रेल्वेच्या रुळाचा तुकडा आमची घंटा होता. शिपाईमामा त्यावर हातोडा हाणायचे आणि तो आवाज वाड्यांतून दूरवर जायचा. घरी राहिलेल्या म्हाताऱ्या त्या ठोक्यांवर आपली कामं लावायच्या. मधली सुट्टी झाली म्हणजे भात उतरवायचा, शाळा सुटली म्हणजे गुरांना पाणी.

या घंटेला भर दुपारी मात्र दुसरी घंटा थांबवायची. बाराला चर्चची प्रार्थनेची घंटा झाली की शिकवणं वाक्याच्या मध्यात थांबायचं. गणिताचे सर समीकरण अर्धं सोडून, खडू हातात तसाच धरून उभे राहायचे. ख्रिस्ती मुलं पुटपुटत प्रार्थना म्हणायची, बाकीची नुसती उभी राहायची. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. ज्याचा मित्र उभा आहे त्याने बसून कसं राहायचं, एवढाच त्यामागचा विचार. मिनिटभराने सर 'तर य बरोबर' असं म्हणत पुन्हा फळ्याकडे वळायचे. शाळेत मी जे शिकले त्यातलं पुष्कळ विसरले आहे, पण सगळा वर्ग एकत्र गप्प उभा असल्याचं ते मिनिट अजून अंगात आहे.

वसईला चर्चची शाळा नवी नाही. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि किल्ल्यात जेझुइटांची शाळा उभी राहिली. पोर्तुगीज बाप आणि इथलीच आई यांच्या पोटी जन्मलेला गोन्सालो गार्सिया तिथे शिकला. पुढे तो जपानात गेला, फ्रान्सिस्कन झाला आणि १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. किल्ल्यातल्या पडक्या भिंतींमधून फिरताना मुलांना मी त्याच्या हौतात्म्याबरोबर हेही सांगायचे, की हा मुलगा इथे, या दगडांच्या आत, पाटीवर गिरवत होता. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने किल्ला घेतला आणि ते सगळं युग मिटलं. मागे राहिले ते वाड्यांतले शेतकरी आणि त्यांची गावातली चर्च.

ज्या शाळांबद्दल मी बोलते आहे त्या या शेतकऱ्यांसाठी उभ्या राहिल्या. किल्ल्यातल्या शाळेशी त्यांचा संबंध धर्मापुरताच आहे. ऐपत नसलेल्या, अंगठा उठवणाऱ्या गावाने आपली मुलं शिकावीत म्हणून धरलेला तो हट्ट होता. पापडीला १९१८ मध्ये कॅथॉलिक सहकारी बँक सुरू झाली, तीही याच हट्टातून आली असं मला वाटतं. सावकाराच्या वहीत काय लिहिलं आहे ते ज्याला वाचता येत नाही, त्याची वाडी केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. बँकेला सही लागते आणि सही शाळेत येते. गावोगावच्या फादरांना हे उमगलं होतं आणि त्यांनी ते लोकांच्या गळी उतरवलं. पुढे आमच्या शाळांतून निघालेल्या मुली मुंबईच्या रुग्णालयांत परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या, मुलगे रेल्वेत आणि बँकांत लागले. आईच्या डोक्यावरची टोपली उतरायला एक पिढी पुरली.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते या शाळांचं मराठी असणं. आमच्याकडे घरी कुणी सामवेदी बोलतं, कुणी वाडवळी, कुणी आगरी, कुणी कोळ्यांची बोली. सामवेदी तर ख्रिस्ती घरांतही बोलतात आणि सामवेदी ब्राह्मणांच्या घरांतही. मी वर्गावर उभी राहिले की समोरच्या एकाही मुलाच्या घरात पुस्तकातली मराठी बोलली जात नसे. डिब्रिटो काय, पाटील काय, म्हात्रे काय, त्या भाषेपासून सगळेच सारख्या अंतरावर. म्हणून तिथे कुणी वरचढ नव्हता. चौथ्या बाकावरचा मुलगा जोडाक्षराला अडखळला तर हसायला कुणी धजावत नसे, कारण पुढची पाळी आपली असे.

एकदा मी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला होता. पुस्तकी पावसाळ्यात मोर असतात, इंद्रधनुष्य असतं, बळीराजा आनंदतो. एका मुलीने लिहिलं, की बावखल भरून पाणी रस्त्यावर आलं, मासे अंगणात आले, गाड्या बंद पडल्या आणि आई दादरला अडकली. भाजी विकली गेली नव्हती म्हणून तिने ती फलाटावरच्या माणसांना वाटून टाकली. मुलीने घरी भात केला, आजीला वाढला आणि रात्रभर दाराशी बसून राहिली. निबंधात निम्मी क्रियापदं आमच्या बोलीतली होती. मी ती दुरुस्त केली, कारण दहावीचा पेपर तपासणाऱ्याला आमची बोली कळणार नव्हती. पण मूळ कागद मी फळ्याशेजारी लावला आणि तो वर्षभर तिथे होता. इतर वर्गांतली मुलं तो वाचायला यायची.

या मराठीची आणखी एक गोष्ट आता फारशी कुणी बोलत नाही. आमच्या लहानपणापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ अशी चालली, आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. आमच्याकडे ती मराठीत आली आणि स्थिरावली, ती मराठी शाळांत शिकलेली पिढी तयार होती म्हणून. वाचनं वाचायला माणसं होती, गीतं लिहायला माणसं होती, उच्चार चुकला तर सांगायला शाळेतले गुरुजी पहिल्या रांगेत बसलेले होते. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले, गावच्या सेंट जोसेफ शाळेचे विद्यार्थी. त्यांनी 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं सांभाळलं, बायबल सोप्या मराठीत आणलं, हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर उतरवलं. २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला विरोध झाला तेव्हा आमच्या गावांना त्याचं फार वाईट वाटलं. धर्मगुरूचा मराठीशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर आम्ही काय उत्तर देणार? आमच्या शाळेचा एखादा तास बसून ऐका, एवढंच.

शाळेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात जनरल रजिस्टरं आहेत. कापडी बांधणीची, कडा झिजलेली, एकेका पानाला दोन माणसांची हाताळणी लागावी इतकी रुंद. विद्यार्थ्याचं नाव, धर्म आणि जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, मागील शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. गाव कसं बदललं ते मला त्या शेवटच्या रकान्याने शिकवलं. जुन्या पानांवर 'घरकामासाठी', 'शेतीकामासाठी' असं ओळीने लिहिलेलं, मुलींच्या नावापुढे तर फारच. पानं उलटत गेलं की 'पुढील शिक्षणासाठी' दिसू लागतं, आधी तुरळक, मग पानभर. प्रत्येकाचं वर्तन मात्र पहिल्या पानापासून 'चांगले'.

या रजिस्टरांसाठी माणसं आजही येतात. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग नातू आजोबांचं नाव शोधत येतो. आजोबा चौथीत शाळा सोडून वाडीत गेलेले, पण त्यांची ओळ इथे आहे. लेखनिक ती ओळ शोधून देतो, नातू बोट फिरवत वाचतो आणि बहुधा मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढतो. अशा येणाऱ्यांत हिंदू असतात, ख्रिस्ती असतात, मुसलमान असतात. गावातल्या कितीतरी घरांकडे आपण इथलेच असल्याचा सर्वांत जुना कागद म्हणजे ही ओळ. शाळा गावासाठी काय करते, असं विचारणाऱ्याला मी आधी या कपाटापाशी नेते. मतदान केंद्र, आरोग्य शिबिरं, सणाचे मांडव, दहावीच्या निकालाची गर्दी हे सगळं आहेच.

आता मला जे बोलायचं आहे ते सुखाचं नाही. आमच्या शाळेत एकेका इयत्तेच्या तीन तीन तुकड्या होत्या. आज काही इयत्तांना एकच उरली आहे. दरवर्षी संचमान्यता येते तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुणी नीट जेवत नाही. पट घटला की पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं समायोजन कुठल्या तरी लांबच्या शाळेत होतं. त्याच आवारात इंग्रजी माध्यमाची इमारत उभी आहे आणि तिच्या प्रवेशाला रांग लागते. त्या रांगेत माझे विद्यार्थी असतात, आपल्या मुलांचा हात धरून. टीचर, तुम्ही रागावू नका, असं आधीच म्हणतात. मी रागावत नाही. मुंबईत नोकरी शोधायची तर इंग्रजी लागतं हे मला कळतं, आणि मराठी शाळांनी इंग्रजी नीट शिकवलं नाही ही तक्रारही खरी आहे. सेमी-इंग्रजीचे वर्ग फार आधी सुरू व्हायला हवे होते. तरीही जी शाळा आपल्या आजीला अंगठ्यापासून सहीपर्यंत घेऊन आली तिच्याकडे पाठ फिरवून गाव उभं राहतं तेव्हा पोटात तुटतं.

पण मराठी वर्ग ओस पडलेले नाहीत. तिथे आता जव्हार-मोखाड्याकडून वाड्यांत कामाला आलेल्या आदिवासी कुटुंबांची मुलं बसतात, चाळीत भाड्याने राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांची मुलं बसतात. कुणी घरी वारली बोलतं, कुणी भोजपुरी. पुस्तकातल्या मराठीपासून ती आमच्याइतकीच लांब आहेत आणि आमच्यासारखीच जोडाक्षराला अडखळतात. म्हणूनच पट कमी म्हणून या तुकड्या बंद होऊ द्या, असं जेव्हा गावातलेच शिकलेले लोक म्हणतात, तेव्हा मी सभेत उभी राहते. आपण शिकून बाहेर पडलो, आता दार लावून घ्या, असं म्हणायचा आपल्याला काय अधिकार आहे? ही शाळा ज्या घरात पहिल्यांदाच अक्षर जाणार आहे अशा घरांसाठी बांधली गेली होती. ती घरं आज वेगळी आहेत, एवढाच फरक.

मे महिन्यात शिक्षक पट शोधायला घरोघर फिरतात. मी निवृत्त झाले आहे, तरी बरोबर जाते, कारण वाडीवाल्यांची घरं मला माहीत आहेत. यंदा एका वाडीच्या टोकाला, पंपाच्या खोलीशेजारी राहणारं कुटुंब भेटलं. मुलगा सहावीच्या वयाचा, मागच्या शाळेचा दाखला नाही. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने आठवीपर्यंत दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हे सरांनी समजावलं. फी नाही, दुपारचं जेवण शाळेत, हेही सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, शिमग्याला आम्ही गावाला जाणार, मग परीक्षेचं काय?

दरवर्षी अशी मुलं शिमग्याला जातात आणि त्यातली बरीच परतत नाहीत. सरांकडे उत्तर नव्हतं. वाडीची मालकीण ओटीवर बसून केळीची पानं बांधत होती. तीही आमच्याच शाळेची, आता तिचा नातू इंग्रजी शाळेत जातो. ती म्हणाली, परीक्षा होईपर्यंत पोराला मी ठेवून घेईन, नातवाबरोबर झोपेल. आईने लगेच होकार दिला नाही. नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली. जूनमध्ये मुलाचं नाव रजिस्टरात चढलं आहे, आणि शिमग्यापर्यंत अशी आणखी घरं शोधायची म्हणून आम्ही रविवारच्या मिस्सेनंतर लोकांना गाठतो आहोत.